शेवटच्या जागेचा हिशेब

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकास, आल्प्सचे घाट ओलांडून इटलीकडे उतरणाऱ्या प्रदेशात, तिचिनो नावाचे एक छोटेसे इटालियनभाषी राज्य आहे. १८८९ साली तेथील विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा सनातनी कॅथलिक पक्ष आणि उदारमतवादी पक्ष ह्यांना पडलेल्या मतांत नाव घेण्याजोगे अंतर नव्हते. परंतु निकालाचा तक्ता लागला त्यात एका पक्षाच्या नावावर ७७ जागा आणि दुसऱ्याच्या नावावर ३५ असा हिशेब होता. मतदारसंघांच्या सीमाच अशा आखलेल्या होत्या, की उदारमतवाद्यांची मते एक तर एखाद्या ठिकाणी गरजेपेक्षा फार अधिक पडत, किंवा दुसऱ्या ठिकाणी थोडक्यासाठी अपुरी पडत. ज्या पक्षामागे जवळजवळ अर्धी प्रजा उभी होती त्याला सत्तेचा तिसरा हिस्साही धड मिळेना, अर्जविनंत्यांना दाद लागेना, आणि अखेरीस ११ सप्टेंबर १८९० रोजी बेलिंझोना ह्या राजधानीत उठाव झाला, शस्त्रागार बंडवाल्यांच्या ताब्यात गेले, रोस्सी नावाचा एक मंत्री गोळी लागून ठार झाला, आणि संघराज्याला तेथे फौज धाडणे भाग पडले. फौजेने शांतता प्रस्थापित केली खरी. पण ती टिकावयाची तर मते मोजण्याची रीतच बदलली पाहिजे हे बर्नमधील संघीय सरकारच्या ध्यानात आले, आणि त्याच्या आग्रहावरून ह्या चिमुकल्या राज्याने, स्वित्झर्लंडमध्ये सर्वांच्या आधी, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा अंगीकार केला.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. ज्या पक्षाला जेवढ्या हिश्शाने मते पडली, तेवढ्याच हिश्शाने त्याला सभागृहात जागा मिळाव्यात. आपल्या लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो, आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग ती मते एकूण मतांच्या निम्म्याहून कितीही कमी असोत. बाकीच्या सर्वांची मते त्या संध्याकाळी दफ्तरदाखल होतात. प्रमाणशीर पद्धतीत मतदारसंघ मोठा असतो, त्यातून पाच, दहा, वीस किंवा नेदरलँड्ससारख्या देशात एकदम १५० प्रतिनिधी निवडावयाचे असतात, प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी देतो, आणि मतदार प्रथमतः त्या यादीला कौल देतो. येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण उपस्थित होते ती मते मोजून झाल्यावर. आणि ती अडचण एवढी जुनी, एवढी चिवट व परिणामांच्या दृष्टीने एवढी मोठी आहे, की तिच्या निवारणार्थ राजकारणी, कायदेपंडित आणि गणिती ह्या तिन्ही वर्गांतील श्रेष्ठ बुद्धीची माणसे दोनशेहून अधिक वर्षे खपत आली आहेत.

ती अडचण अपूर्णांकाची आहे. एखाद्या पक्षाच्या वाट्याला हिशेबाने ३.८४ जागा येतात, दुसऱ्याच्या वाट्याला १.४४, तिसऱ्याच्या ०.७२. सभागृहात तर पूर्ण माणूसच बसावयाचा. वडिलार्जित जमिनीची वाटणी करताना भाऊ गुंठ्यापर्यंत, प्रसंगी त्याच्याही खाली उतरू शकतात, आणि विहीर तोडता येत नाही म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतात. विधिमंडळातल्या जागेला तीही सोय नाही. तेव्हा कोणाचा तरी अपूर्णांक पूर्ण करावा लागतो आणि कोणाचा तरी बुडवावा लागतो. कोणाचा पूर्ण करावा व कोणाचा बुडवावा, ह्या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांना निरनिराळ्या पद्धतींची नावे पडली आहेत. वरवर पाहता हा कारकुनी तपशील वाटतो. परंतु सभागृहातले बहुमत पुष्कळदा एकदोन जागांवर लोंबकळत असते, आणि ह्या एकदोन जागा बहुधा अपूर्णांकांतूनच जन्मलेल्या असतात; म्हणून नागरिकांनी हा तपशील तज्ज्ञांवर सोपवून निर्धास्त राहावे, हे मला बरोबर वाटत नाही.

हा वाद पहिल्यांदा हातघाईवर आला तो अमेरिकेत, आणि तोही पक्षांच्या बाबतीत नव्हे तर राज्यांच्या बाबतीत. १७९० च्या खानेसुमारीनंतर प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना वाटून द्यावयाच्या होत्या. अलेक्झांडर हॅमिल्टन ह्याचा तोडगा असा, की सभागृह १२० जागांचे धरावे, प्रत्येक राज्याचा वाटा अपूर्णांकासह काढावा, आधी सर्वांना पूर्णांकाएवढ्या जागा द्याव्यात, आणि मग ज्या थोड्या जागा उरतील त्या ज्यांची बाकी सर्वांत मोठी त्यांना क्रमाने द्याव्यात. काँग्रेसने ह्या पद्धतीचे विधेयक मंजूर केले. परंतु अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनी ५ एप्रिल १७९२ रोजी ते नामंजूर करून परत पाठविले, आणि अमेरिकेच्या इतिहासातील अध्यक्षीय नकाराधिकाराचा हा पहिला प्रयोग ठरला. घटनेने दर तीस हजार लोकांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी देऊ नये असे बजावले होते, आणि ह्या विधेयकाने आठ राज्यांना तसे दिले होते, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक. त्याऐवजी टॉमस जेफर्सन ह्याची पद्धत स्वीकारली गेली: ३३,००० हा भाजक मुक्रर करावा, प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येला त्याने भागावे, आणि येईल तो पूर्णांक घेऊन बाकी सरसकट सोडून द्यावी. सर्वांना एकच भाजक आणि सर्वांची बाकी रद्द, ह्यात समानतेचे दर्शन घडते खरे. पण १०५ जागांच्या त्या सभागृहात व्हर्जिनियाचा निव्वळ हिस्सा १८.३१ भरत असता तिला १९ जागा मिळाल्या, आणि डेलावेअरचा हिस्सा १.६१ भरत असता त्याला एकच. वॉशिंग्टन आणि जेफर्सन हे दोघेही व्हर्जिनियाचे होते, ही गोष्ट त्या काळीही कोणाच्या नजरेतून सुटली नसेल. सर्वांची बाकी सारखीच सोडली तरी मोठ्याला ती अंगाला लागत नाही आणि लहानाचे मात्र सर्वस्व जाते, हे ह्या पद्धतीचे मर्म आहे.

हॅमिल्टनची पद्धत पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने स्वीकारली, आणि तेव्हा तिच्यातले एक विलक्षण वैगुण्य उघडकीस आले. १८८० च्या खानेसुमारीनंतर सी. डब्ल्यू. सीटन नावाच्या खानेसुमारी कचेरीतील मुख्य लिपिकाने सभागृहाच्या निरनिराळ्या आकारमानांसाठी तक्ते तयार केले, त्यात त्याला असे आढळले, की सभागृह २९९ जागांचे असेल तर अलाबामा राज्याला ८ जागा मिळतात, आणि ते ३०० चे केले तर त्याच अलाबामाला ७ मिळतात. एकूण जागा वाढली, लोकसंख्या कोठेही बदलली नाही, आणि एका राज्याची जागा कमी झाली! कारण शोधले तर सोपे आहे. २९९ ला अलाबामाचा हिस्सा ७.६४६ होता, टेक्ससचा ९.६४० आणि इलिनॉयचा १८.६४०, बाकीच्या शर्यतीत अलाबामा पुढे. ३०० झाल्याबरोबर सर्वांचेच हिस्से थोडेथोडे वाढले, पण मोठ्या राज्याचा हिस्सा मोठ्या पावलाने वाढतो, तेव्हा इलिनॉय १८.७०२ वर आणि टेक्सस ९.६७२ वर गेले, अलाबामा ७.६७१ वरच राहिले, आणि दोघेही त्याच्या पुढे निघून गेले. गणित अगदी बिनचूक असूनही त्याचा निष्कर्ष सामान्य न्यायबुद्धीस पटण्याजोगा नव्हता. त्या वेळी काँग्रेसने सभागृह ३२५ जागांचे करून तो प्रसंग टाळला. पण 'अलाबामाचा विरोधाभास' हे नाव त्या गणिताला जे चिकटले ते आजतागायत कायम आहे.

युरोपात हाच प्रश्न पक्षांच्या संदर्भात पुढे आला, आणि त्याला जे उत्तर सर्वाधिक चालले ते बेल्जियममधील गेंट येथील कायद्याचे प्राध्यापक व्हिक्टर डी'होंट ह्यांचे. १८७८ साली त्यांनी आपली योजना प्रथम मांडली व १८८२ साली ती सविस्तर प्रसिद्ध केली. जेफर्सनची रीत त्यांना ठाऊक होती असे दिसत नाही. परंतु दोन्ही रीतींचे उत्तर नेहमी एकच येते, हे पुढे गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. डी'होंटांची कृती अशी. प्रत्येक पक्षाची मते एकाखाली एक मांडावीत, त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ असे भागीत जावे, येणाऱ्या सर्व भागाकारांतून सर्वांत मोठे निवडावेत, जेवढ्या जागा तेवढे भागाकार. ज्या पक्षाचा भागाकार त्याची जागा. ह्यामागचा हेतू असा, की प्रत्येक जागेसाठी मतांची एक समान किंमत पडावी, आणि ती किंमत पूर्ण मोजल्याखेरीज कोणालाही जागा मिळू नये.

आता हे प्रत्यक्ष करून पाहू, कारण हाताने आकडे मांडल्यावाचून ह्या विषयाची गोडीही कळत नाही आणि धोकाही कळत नाही. एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ: मते एक लाख, जागा आठ, पक्ष चार. पहिल्याला ४८,००० मते, दुसऱ्याला २५,०००, तिसऱ्याला १८,००० आणि चौथ्याला ९,०००. हॅमिल्टनच्या रीतीने, जी युरोपात टॉमस हेअर ह्यांच्या नावावर चालते, आठ जागांचा भाव प्रत्येकी १२,५०० मते. हिस्से येतात ३.८४, २.००, १.४४ आणि ०.७२. पूर्णांकांनी तीन, दोन, एक, शून्य अशा सहा जागा गेल्या. उरलेल्या दोन मोठ्या बाक्यांना, म्हणजे पहिल्याला आणि चौथ्याला. अखेरचा निकाल चार, दोन, एक, एक. आता डी'होंट. पहिल्या पक्षाचे भागाकार ४८,०००, २४,०००, १६,०००, १२,०००, ९,६००, दुसऱ्याचे २५,०००, १२,५००, ८,३३३, तिसऱ्याचे १८,००० आणि ९,०००, चौथ्याचा ९,०००. ह्यांतील सर्वांत मोठे आठ निवडले तर आठवा येतो तो ९,६००, आणि तो पहिल्या पक्षाचा आहे. निकाल पाच, दोन, एक, शून्य. जनतेचा कौल एका मतानेही बदललेला नाही. फक्त हिशेबाची रीत बदलली, आणि ४८ टक्के मतांच्या पक्षाला एका रीतीने निम्म्या जागा मिळाल्या तर दुसरीने साडेबासष्ट टक्के. शेवटच्या जागेचा हिशेब म्हणतात तो हा.

परंतु ह्याच उदाहरणात आणखी एक गंमत दडली आहे. तिसरा आणि चौथा पक्ष स्वतंत्रपणे लढले तेव्हा डी'होंट पद्धतीने दोघांना मिळून एकच जागा लाभली. ते एका यादीवर उभे राहिले असते तर? त्यांची मते झाली २७,०००. भागाकार २७,०००, १३,५००, ९,०००. आता आठ मोठ्या भागाकारांत त्यांचे दोन बसतात, पहिल्या पक्षाचे चार आणि दुसऱ्याचे दोन. म्हणजे डी'होंटची रीत लहानांना एकत्र येण्याची लालूच दाखवते. उलट हेअरची रीत मोठ्यांना फुटण्याची लालूच दाखवते, कारण पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या जागेपेक्षा बाकीवर मिळालेली जागा स्वस्त पडते. हाँगकाँगमध्ये १९९८ पासून कित्येक वर्षे विधिमंडळाच्या निवडणुका हेअरच्या रीतीने होत, तेव्हा तेथील मोठे पक्ष मुद्दाम दोनतीन याद्यांत विभागून उभे राहत आणि बाकीवर जागा मिळवीत. निवडणुकीचा कायदा नुसती मते मोजत नाही. पक्ष कसे जुळावेत आणि कसे फुटावेत ह्याचीही दिशा तो दाखवून ठेवतो.

बेल्जियमने डी'होंटांची रीत का उचलली, हे तेथील इतिहासावाचून समजणार नाही. जुन्या बहुमत पद्धतीने झालेल्या १८९४ च्या निवडणुकीत तेथील कॅथलिक पक्षाने १५२ पैकी १०४ जागा जिंकल्या, नव्याने उदयास आलेल्या समाजवाद्यांना २८ मिळाल्या, आणि पूर्वी राज्य केलेला उदारमतवादी पक्ष २० वर येऊन ठेपला. फ्लँडर्स एका पक्षाचे, वालून औद्योगिक प्रदेश दुसऱ्याचे, आणि मधला पक्ष नामशेष होण्याच्या बेतात, अशी देशाची उभी फाळणी होऊ लागली. १८९९ साली पंतप्रधान फांडेनपेरेबोम ह्यांनी प्रमाणशीर पद्धत लागू करण्याची दरखास्त आणली, पण ती फक्त मोठ्या मतदारसंघांपुरती, म्हणजे जेथे त्यांचा स्वतःचा पक्ष दुर्बळ होता तेवढ्यापुरतीच. ब्रुसेल्समध्ये दंगली उसळल्या, मंत्रिमंडळ कोसळले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस नव्या मंत्रिमंडळाने संपूर्ण देशाला प्रमाणशीर पद्धत लागू केली. राष्ट्रीय संसदेसाठी याद्यांची प्रमाणशीर पद्धत सर्वत्र स्वीकारणारे बेल्जियम हे पहिले राष्ट्र. राज्यकर्त्या पक्षाच्या दृष्टीने डी'होंटच्या रीतीत एक आश्वासन होते, ते असे की ज्या यादीला निम्म्याहून अधिक मते पडतील तिला निम्म्याहून कमी जागा कधीही मिळणार नाहीत. हे आश्वासन क्षुल्लक नव्हे. स्पेन, पोर्तुगाल, नेदरलँड्स अशा अनेक देशांनी हीच रीत कायम ठेवली आहे, त्याचे एक कारण ह्यात सापडेल.

तरीही माझ्या मते न्यायाला अधिक जवळची रीत दुसरी आहे. १९१० साली आंद्रे सँत-लाग्यू ह्या फ्रेंच गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्याने प्रश्न असा मांडला, की प्रत्येक मतदाराच्या वाट्याला प्रतिनिधित्वाचा जो अंश येतो त्यात मतदारामतदारांत पडणारी तफावत कमीत कमी कशी राहील. उत्तर निघाले ते १, २, ३ ऐवजी १, ३, ५, ७ असे विषम भाजक घेण्याचे. आपल्याच उदाहरणात पाहावे: पहिल्याचे भागाकार ४८,०००, १६,०००, ९,६००, ६,८५७, दुसऱ्याचे २५,००० व ८,३३३, तिसऱ्याचे १८,००० व ६,०००, चौथ्याचा ९,०००. निकाल पुन्हा चार, दोन, एक, एक. अर्ध्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण करावा, लहान सोडावा, ह्या शाळेत शिकलेल्या नियमाचेच हे रूप आहे. फरक एवढाच, की बेरीज नेमकी आठ भरेल असा भाव आधी शोधावा लागतो. मोठ्याकडे वा लहानाकडे झुकण्याचा दोष हिच्यात जवळजवळ नाही, आणि अलाबामासारखा विपरीत प्रसंगही हिच्यात उद्भवत नाही. जर्मनीने २००८ साली कायदा बदलून हेअरची रीत सोडली व ही धरली. स्वीडन व नॉर्वे ह्यांनी मात्र पहिला भाजक १ ऐवजी १.४ धरून पहिली जागा जराशी महाग केली, जेणेकरून अगदी किरकोळ पक्षांचा सुळसुळाट होऊ नये. स्वीडनने पुढे २०१८ च्या निवडणुकीपासून तो १.२ वर आणला. एका दशांश चिन्हापुढच्या अंकावर संसदेत चर्चा व्हावी आणि कायदा बदलावा, ही गोष्ट मला त्या देशाच्या लोकशाहीला भूषणावह वाटते.

सर्व दोषांपासून मुक्त अशी रीत शोधण्याचा नाद मात्र आता सोडावयास हरकत नाही. मिशेल बालिन्स्की आणि एच. पेटन यंग ह्या दोन विद्वानांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले आहे, की कोणाचाही हिस्सा त्याच्या लगतच्या दोन पूर्णांकांबाहेर जाऊ नये, आणि ज्याची संख्या वाढते आहे त्याची जागा संख्या घटणाऱ्याकडे जाण्याचा अनर्थही घडू नये, ह्या दोन्ही अटी एकाच वेळी सदैव पाळील अशी कोणतीही रीत असू शकत नाही. जर्मनीने वायमार काळात ह्या कोंडीतून निसटण्यासाठी जागांचा आकडाच मोकळा सोडला होता. दर ६०,००० मतांमागे एक प्रतिनिधी, उरलेली मते वरच्या यादीत जमा, असा तो नियम. परिणामी १९२८ साली ४९१ सभासदांचे असलेले राइशटाग मार्च १९३३ मध्ये ६४७ सभासदांचे झाले. अपूर्णांकाचा प्रश्न ह्याने पुष्कळसा सुटला. पण कोणत्याही लहानशा गटाला सहज प्रवेश मिळू लागला, आणि त्या सभागृहाची पुढे जी वाताहत झाली तिची कारणे कितीही अनेक असली तरी युद्धोत्तर जर्मनीने त्यांतून एक धडा घेतला. पाच टक्क्यांहून कमी मते मिळविणाऱ्या पक्षाला यादीवर जागा नाही, असा उंबरठा तिने बांधला.

हा उंबरठा किती उंच असावा, ह्यात भाजकांच्या निवडीपेक्षाही अधिक राजकारण आहे. तुर्कस्तानात तो दहा टक्के होता. तेथे २००२ साली दोनच पक्ष तो ओलांडू शकले. ३४ टक्क्यांच्या आसपास मते मिळविलेल्या पक्षाला ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या, आणि देशातील जवळजवळ ४६ टक्के मतांना संसदेत कोणी वाली उरला नाही. नाव प्रमाणशीर पद्धतीचे आणि निकाल हा! इस्रायलमध्ये उंबरठा सव्वातीन टक्क्यांचा. एप्रिल २०१९ मध्ये तेथील एक नवा पक्ष ३.२२ टक्क्यांवर अडखळला व रिकाम्या हाताने परतला. मतदारसंघाचा आकार हाही असाच एक अदृश्य उंबरठा होय. तीन किंवा चार जागांच्या मतदारसंघात आठ टक्के मतांचा पक्ष बहुधा कोणत्याही रीतीने निवडून येत नाही, मग कायद्यात काहीही लिहिलेले असो. स्पेनमधील लहान प्रांतांत हे प्रत्येक निवडणुकीत दिसते.

आतापर्यंत याद्यांचा विचार झाला. इंग्रजी राजवटीच्या छायेत वाढलेल्या देशांत मात्र प्रमाणशीर पद्धतीची निराळी शाखा रुजली, आणि आपला प्रत्यक्ष संबंध तिच्याशीच आहे. तिचे नाव एकल संक्रमणीय मत. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे ह्यांनी १८५५ साली ती कायद्यात आणली. इंग्लंडमध्ये टॉमस हेअर ह्यांनी स्वतंत्रपणे तिचा पुरस्कार केला, आणि जॉन स्टुअर्ट मिल तिच्यावर एवढे लुब्ध झाले की १८६७ साली त्यांनी कॉमन्स सभागृहात तिच्यासाठी दुरुस्ती मांडली. सभागृहाने ती स्वीकारली नाही. हिच्यात पक्षाची यादी नसते. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो, निवडून येण्यास लागणारा मतांचा कोटा ठरलेला असतो, आणि विजयी उमेदवाराकडे कोट्याहून अधिक जी मते उरतात ती वाया न जाता पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. कोटा काढण्याचे रूढ सूत्र हेन्री ड्रूप ह्या इंग्लिश वकिलाचे: एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने अधिक अशा संख्येने भागावे, अपूर्णांक सोडावा, आणि एक मिळवावा. सहा जागा असतील तर मतांचा सातवा हिस्सा आणि वर एक; एवढी मते सहाजणांहून अधिक कोणाला मिळूच शकत नाहीत, आणि ह्याहून लहान कोटा ठेवला तर मिळू शकतात. आयर्लंडने ही पद्धत राष्ट्रीय निवडणुकीसाठी घेतली, आणि ती रद्द करण्याचा प्रस्ताव १९५९ व १९६८ अशा दोन सार्वमतांत तेथील जनतेने फेटाळला.

आपली संविधान सभाही १९४६ साली प्रांतिक विधानसभांनी ह्याच पद्धतीने निवडली होती. असे असता ४ जानेवारी १९४९ रोजी लोकसभेच्या निवडणुकीस प्रमाणशीर पद्धत लावावी अशी सूचना काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांची मुख्य कारणे दोन होती. मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहावयाचे तर मतदार साक्षर पाहिजे, आणि त्या वेळी साक्षरांचे प्रमाण अत्यल्प होते. शिवाय ह्या पद्धतीने सभागृहात लहानलहान गटांची इतकी गर्दी होईल की स्थिर सरकार चालविणे अशक्य होईल. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांनीच हा विरोध करावा, ह्याला महत्त्व आहे. त्यांच्या पहिल्या कारणाची धार आज बरीचशी गेली असली तरी दुसरे कारण अजून ताजे आहे, आणि प्रमाणशीर पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी, ज्यांत मी स्वतःची गणना करतो, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. जेथे मतदार स्वतः निवडून आलेले लोकप्रतिनिधी आहेत तेथे मात्र साक्षरतेची अडचण येत नाही. संविधानाच्या कलम ५५ अन्वये राष्ट्रपतींची आणि कलम ८० अन्वये राज्यसभेतील राज्यांच्या प्रतिनिधींची निवड म्हणून एकल संक्रमणीय मतानेच होते.

ह्या पद्धतीचे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. मुंबईच्या विधानभवनात १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले, सात उमेदवार होते, आणि २८८ सदस्यांच्या सभागृहात २८४ मते वैध ठरली. नियमाप्रमाणे प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, जेणेकरून पुढील वाटपात अपूर्णांकांचा त्रास कमी व्हावा. एकूण मूल्य २८,४००. त्याला सातने भागून एक मिळविला की कोटा ४,०५८. पियुष गोयल आणि अनिल बोंडे ह्यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते, इम्रान प्रतापगढी ह्यांना ४४, प्रफुल्ल पटेल ह्यांना ४३, संजय राऊत ह्यांना ४१. हे पाच जण पहिल्याच फेरीत कोट्यापलीकडे गेले. सहाव्या जागेसाठी राहिले दोघे: शिवसेनेचे संजय पवार ३३ मतांवर आणि भाजपचे धनंजय महाडिक २७ मतांवर. केवळ अधिक मते हा निकष असता तर येथेच निकाल लागला असता.

परंतु महाडिकांच्याच पक्षाच्या गोयल आणि बोंडे ह्यांच्याकडे प्रत्येकी ७४२ मूल्य कोट्याहून अधिक होते. ते ४८ मतपत्रिकांवर वाटले तर, त्या सर्वांवर पुढील पसंती लिहिलेली असल्यास, प्रत्येकीच्या वाट्याला १५ येतात, कारण वरचा अपूर्णांक नियमाने सोडावयाचा असतो. म्हणजे ह्या दोन गठ्ठ्यांतून १,४४० पर्यंत मूल्य पुढे जाऊ शकत होते. महाडिकांना २,७०० वरून कोट्यापर्यंत पोचण्यास हवे होते १,३५८. पवारांना ३,३०० वरून हवे होते ७५८ च. पण त्यांच्या बाजूच्या तीन विजयी उमेदवारांकडे उरलेले मूल्य होते ३४२, २४२ आणि ४२, मिळून ६२६. त्यातून अपूर्णांक वगळले की प्रतापगढींच्या पत्रिकांमागे ७, पटेलांच्या पत्रिकांमागे ५ आणि राऊतांच्या पत्रिकांमागे १, म्हणजे ३०८, २१५ आणि ४१, असे फार तर ५६४ हाती येते. अपूर्णांक न सोडता सगळेच्या सगळे ६२६ दिले असते तरीही १३२ कमीच पडत होते. आक्षेप, तक्रारी व निवडणूक आयोगाचा निर्णय ह्यांत मोजणी त्या रात्री फार लांबली. ती झाली तेव्हा सहावी जागा महाडिकांच्या नावे जाहीर झाली.